दुखरा खांदा उजवा

ये गं नेहा, अशी जवळ ये. आणि आधी तो कोट काढ. मागच्या वेळी आलीस ती चाळीस मिनिटं होतीस, आणि ती चाळीसही मिनिटं कोट अंगात. मी पोहे केले, ते तू उभ्यानं खाल्लेस, गाडीची किल्ली मुठीत धरून. कार्डिफ काही पळून जात नव्हतं. आता कागदावर तरी नीट मांडी घालून बस. एखादा शब्द अडला तर आईला विचार. तिलाही अडला तर दोघी मिळून मला फोन करा, तेवढंच बोलणं होईल.

निघता निघता जिन्याखाली बोट दाखवून तू विचारलंस, "आजी, बाकीच्या खुंट्या खाली आणि ही एकच एवढी वर का?" मी म्हटलं, बस, सांगते. तू म्हणालीस, "नेक्स्ट टाइम." त्याला आता किती महिने झाले ते तूच मोज. तर ती सिडनीवाल्याची खुंटी.

सिडनीवाला आमच्या घरी तीन हिवाळे राहिला, आणि त्यातला पहिला अख्खा हिवाळा मी त्याला बिनकोटाचा पाहिला नाही. घरात शिरला की कोटासकट खुर्चीच्या कडेवर टेकायचा, एक पाय दाराकडे. गॅसची शेगडी पेटलेली, खिडक्यांना घाम आलेला, आणि हा आपला गुडघ्यापर्यंतचा काळा कोट घालून चहा पितोय. "अरे, राहतोस ना तू इथं?" असं मी विचारलं की म्हणायचा, "राहत नाही मिसेस पी, नुसता थांबलोय." हे त्याचं ठरलेलं वाक्य. पेडणेकर म्हणायला जीभ वळत नाही म्हणून मी मिसेस पी आणि तुझे आजोबा मिस्टर पी.

ऐंशी संपून नव्वद लागायच्या आसपासची गोष्ट आहे ही. तुझी आई नुकतीच नॉटिंगहॅमला शिकायला गेली होती आणि तिची वरची खोली रिकामी होती. आजोबा बस डेपोत, मी शाळेच्या किचनमध्ये. आपल्या शेजारची डोरीन तुला आठवत नसेल. गावातल्या रग्बी क्लबच्या जर्सी धुण्याचं काम तिच्याकडे होतं. दर सोमवारी मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि तिच्यावर पांढऱ्या जर्सी हात पसरून वाळत पडलेल्या, छातीवर लाल पट्टा. तीच, सगळ्यांना 'लव्ह' म्हणणारी, एकदा दारात येऊन म्हणाली, "आमचा ऑस्ट्रेलियाचा प्लेयर आलाय, लव्ह. त्याला खोली मिळेपर्यंत तुझ्याकडे ठेवशील? पंधरा दिवस फक्त." आजोबा क्रिकेटवाले. ते म्हणाले, "रग्बी? ती मारामारी?" आणि मग दार उघडून त्याला बघितल्यावर दोन पावलं मागे सरून म्हणाले, "या, या, आत या."

तो सिडनीचा नव्हताच. सिडनीपासून गाडीनं दिवसभर लांब, मेंढ्यांच्या मुलखातला. दर वेळी तो सांगायचा आणि दर वेळी आम्ही सिडनीवालाच म्हणायचो. शेवटी त्यानं नाद सोडला. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही, गावात अजून त्याच्या ओळखीची माणसं आहेत आणि त्याला असलं आवडायचं नाही.

रग्बी दोन प्रकारची असते हे मला त्यानंच शिकवलं. तुमच्या कार्डिफला खेळतात ती पंधरा जणांची. आमच्या इकडे गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतून चालते ती लीग, तेरा जणांची. हा फॉरवर्ड, म्हणजे बॉल घेऊन सरळ समोरच्या तिघांच्या अंगावर जाणारा. मी विचारलं, "बाजूनं का नाही जात?" तो म्हणाला, "बाजूनं जाणारे वेगळे असतात, मिसेस पी. ते दिसायला बरे असतात."

त्याचं एक विचित्र गणित होतं. आमच्या इथला सीझन सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत, सगळा थंडीतला. तो संपला की हा विमानात बसून घरी जायचा, तर तिथं हिवाळा लागायची वेळ आणि त्यांचा सीझन चालू. तो खेळून सप्टेंबरात परत इकडे. असं सात वर्षं चाललं होतं, दर थोड्या दिवसांनी नवा क्लब, नवं गाव, नवी गादी. सात वर्षांत या माणसानं उन्हाळा पाहिलेला नव्हता. "शेवटचा उन्हाळा बघितला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते," म्हणायचा. त्याची बॅग कधी पुरती उघडलीच नाही. वर चादर बदलायला जायचे तर बॅग खुर्चीवर, चेन अर्धी लावलेली, आणि मोजे तिच्यातूनच काढायचा आणि तिच्यातच ठेवायचा.

पंधरा दिवसांचा सप्टेंबर ते एप्रिल झाला. दुसऱ्या सप्टेंबरात टॅक्सीतून सरळ आमच्याच दारात उतरला. त्या वर्षी आजोबांनी ती खुंटी ठोकली. खालच्या खुंटीवर त्याचा कोट टांगला तर बुटांवर लोळला असता, म्हणून उंच ठोकली, स्टुलावर चढून. त्याला काही बोलले नाहीत. तो ट्रेनिंगहून आला, खुंटीकडे बघत उभा राहिला, मग कोट काढून टांगला आणि खुर्चीत मागे रेलून बसला. खुर्ची करकरली. आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बसला एकदाचा."

तरी पायाला भिंगरी होतीच. चहा उकळेपर्यंत किचनमध्ये बारा फेऱ्या. मी पोळ्या लाटायला घेतल्या की मागे उभा राहून, "मी करू?" एकदा लाटणं हातात दिलं तर त्याच्या पंजात ते पेन्सिलीएवढं दिसलं. फक्त रविवारी सकाळी तो एका जागी असायचा, जिन्याच्या पायरीवर, टेलिफोनची वायर ताणून. घरी वडिलांना फोन. तिकडे संध्याकाळ व्हायची. तिकडून आवाज येई, हा म्हणे, "ऑल गुड, डॅड. ऑल गुड." एवढंच. मग फोन ठेवून पुन्हा फेऱ्या.

वडिलांची नजर जात चालली होती. त्यांनी मुलाला गावच्या मैदानावर खेळताना पाहिलं होतं, पण मोठ्या ग्राउंडवर कधीच नाही, कारण हा कायम लांबच्या कुठल्या तरी क्लबात. तिसऱ्या हिवाळ्यात त्याला घरापासून जवळच्या मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं. इंग्लंडातला सीझन धडधाकट संपवून ये, मग एक वर्ष आमच्याकडे खेळ. तेव्हा तो बत्तीस की तेहतीसचा. शेवटचंच वर्ष म्हणायचं. पत्र मला वाचून दाखवताना म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षीपर्यंत डॅडला माणसाचा आकार कळेल. मी आकारानं ओळखू येतो, हो ना मिसेस पी?" मी म्हटलं, तू तर चंद्रावरूनही ओळखू येशील.

आणि मग जानेवारीत एक दिवस तो ग्राउंडवरून आला आणि कोटासकट खुर्चीच्या कडेवर बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, झालं, तिकडचं पत्र आलं आणि याला पुन्हा जायची घाई सुटली. जरा रागच आला मला. मी बोलले सुद्धा, "काय रे, खुंटी टोचते का?" तो हसला नाही. मग चौथ्या दिवशी त्यानं कप उचलला तो डाव्या हातानं, आणि मला दिसलं. त्याला घाई नव्हती गं. त्याला कोट काढताच येत नव्हता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

मी दार लावलं आणि तो कोट उतरवला, एक बाही, मग दुसरी, लहान मुलाचा उतरवतात तसा. खांदा सुजून तांबूस झालेला. "क्लबच्या डॉक्टरला दाखवलंस?" तर म्हणे, "दाखवला तर खेळवणार नाहीत. खेळवलं नाही तर तिकडे कळेल. सीझनच्या आठ मॅचेस राहिल्यात, मिसेस पी. फक्त आठ." माझ्याकडून शब्द घेतला, आजोबांना सांगायचं नाही, डोरीनला तर नाहीच. मी दिला. आजही मला वाटतं, त्या दिवशी मी त्याचा कान धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण वडिलांच्या डोळ्यांचं ऐकलेलं होतं ना मी. मीही त्या आठात अडकले.

या रग्बीवाल्या लोकांची एक रीत असते. दुखरी जागा समोरच्यांना कळली की ते नेमके तिथंच येऊन आदळतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. म्हणून दुखतो एक खांदा आणि पट्ट्या बांधायच्या दुसऱ्याला. मॅचच्या दिवशी मी त्याच्या चांगल्या, डाव्या खांद्याला जाडजूड टेप लावायची, जर्सीवरून उंचवटा दिसेल इतकी. उजवा तसाच मोकळा. समोरचे बिचारे ऐंशी मिनिटं डाव्या खांद्यावर धडका देत राहायचे आणि हा मुद्दाम तोंड वेडंवाकडं करायचा. घरी येऊन म्हणायचा, "आज आपण दोघांनी फार छान नाटक केलं."

पण माझं मन काही टेप लावून शांत होईना. मी उजव्या खांद्याला आंबेहळदीचा लेप सुरू केला. वेम्बलीला ईलिंग रोडवर माझी मावसबहीण राहायची, तिच्याकडून मागवली. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी लेप, रविवारी मॅच, म्हणून सकाळी गरम पाण्यानं पुसून साफ. त्याला बरं वाटायला लागलं. निदान तो तसं म्हणायचा. "अजून पाच." "अजून चार." हात खांद्याच्या वर जाऊ लागला. एकदा त्यानं कोट स्वतःच्या हातानं खुंटीवर टांगला आणि मी पोळी तव्यावर विसरले.

तीन उरल्या तेव्हा आंबेहळद संपली. मावसबहीण गावाला गेलेली. मी काय केलं, फोडणीच्या डब्यातली हळद घेतली, तेलात गरम केली आणि लावली. रविवारी सकाळी पुसायला गेले तर तो म्हणाला, "काढा आता, उशीर होतोय." मीच म्हणाले, "राहू दे रे. तेलातली आहे, अजून मुरू दे. वरून तुझा शर्ट आहेच." मीच म्हणाले ते.

मॅचला मी डोरीनबरोबर लाकडी स्टँडमध्ये बसले. बारीक पाऊस. पहिला अर्धा तास नेहमीसारखाच गेला, डावीकडून धडका, याचं खोटं कण्हणं. मग पाऊस वाढला. पांढरी जर्सी भिजून अंगाला चिकटली आणि तिच्यातून उजव्या खांद्यावर पिवळं उमटलं. आधी रुपयाएवढं. मग बशीएवढं. मग दंडापर्यंत ओघळ.

डोरीन पुढे वाकून म्हणाली, "काय गं ते, लव्ह? मस्टर्ड सांडवून घेतलं का त्यानं? आता ते मलाच धुवायचंय." समोरच्यांचा एक लाल दाढीवाला फॉरवर्ड होता. तो थबकला. आधी त्यानं त्या पिवळ्याकडे बघितलं, मग डाव्या खांद्याच्या उंचवट्याकडे. मग आपल्या दोघा साथीदारांना काहीतरी म्हणाला. मी उभी राहिले. ओरडायचं होतं, पण काय ओरडणार आणि कुठल्या भाषेत? पुढच्या वेळी याच्या हातात बॉल आला तेव्हा तिघंही उजवीकडून आले. तो उठला नाही. डोरीन म्हणाली, "बस गं, लव्ह, उठेल तो." मी बसले नाही. मला माहीत होतं.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी गेले ती डबा घेऊन. तोंड दाखवायची लाज वाटत होती, डब्यामागे लपले म्हण. खांद्याचं हाड मोडलं होतं, आतलं सगळं फाटलं होतं. पुन्हा खेळायचं नाही असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी पुसलं नाही." तो म्हणाला, "तो लाल दाढीवाला येऊन गेला. द्राक्षं घेऊन. त्याला वाटलं जखम पिकलीय, घाबरला होता बिचारा. मी सांगितलं, करी आहे." मला हसू येईना. मी पुन्हा म्हटलं, "तुझ्या वडिलांचं काय?" त्यावर त्यानं डावा हात पुढे करून माझ्याकडून डबा घेतला. मग म्हणाला, "मिसेस पी, आम्ही सगळे तो खांदा लपवत होतो. मी तर सगळ्यात जास्त. तुम्ही एकट्याच तो बरा करायला बघत होतात." आणि मग डाव्या हातानं डबा उघडायचा प्रयत्न करायला लागला, तो मला उघडून द्यावा लागला.

एप्रिल आला आणि तो पहिल्यांदाच कुठं गेला नाही. डॉक्टर विमानात बसू देईनात. मे आला, जून आला. मागच्या अंगणात, कोळशाच्या खोलीच्या पत्र्यावर मी पापड वाळत घालायची. हा झोळीत हात अडकवून राखणीला, सीगल हाकलत. इतक्या वर्षांनी उन्हाळा बघत होता, आणि त्याला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. दर पाच मिनिटांनी उठायचा, घड्याळ बघायचा, पुन्हा बसायचा. "किती वाजेपर्यंत असतो हा उजेड?" मला विचारायचा. नाक सोलून निघालं. गल्लीतल्या दोरीवर एक जर्सी सोमवारीच नाही, रोजच असायची. डोरीननं ब्लीच केलं, उकळलं, उन्हात टाकलं. डाग फिका झाला, गेला नाही. शेवटी तिनं ती घडी करून त्यालाच दिली.

जुलैत तो गेला. टॅक्सी आली तेव्हा आजोबांनी खुंटीवरचा कोट काढून पुढे केला. त्यानं घेतला नाही. "राहू दे, मिस्टर पी. आता मी हिवाळ्यामागे जाणार नाही." आजोबांनी तो कोट पुढे पंधरा वर्षं घातला, डेपोत सकाळच्या शिफ्टला, बाह्या दुमडून. ते गेल्यावर मी तो देऊन टाकला. खुंटी ठेवली.

पोचल्यावर त्याचा फोन आला. मी विचारलं, बाबा कसे आहेत? तो म्हणाला, दिसतं थोडं. मग सांगितलं, की संध्याकाळी व्हरांड्यात दोघं बसले होते. म्हातारा उठून जवळ आला, हात पुढे करून चाचपडत त्यानं विचारलं, "कुठला खांदा?" सिडनीवाला मला म्हणाला, "तोंडावर 'ऑल गुड' आलं होतं, मिसेस पी. सवयीनं. मग मी म्हटलं, उजवा." म्हाताऱ्यानं त्या खांद्यावर हात ठेवला आणि अंधार पडेपर्यंत काढला नाही. एवढं सांगून तो म्हणाला, "आणि मी बसून राहिलो. उठलो नाही." मी जिन्याच्या त्याच पायरीवर बसून ते ऐकत होते.

पुढे काही वर्षांनी इथल्या लीगवाल्यांनी सगळा सीझनच उन्हाळ्यात नेला. त्या दिवशी त्याचा फोन आला. आधी मिनिटभर हसत होता. "आता? मी थांबल्यावर?" तिथं तो शाळेची बस चालवायचा. आजोबांना फार अभिमान, आपल्या लाइनीत आला म्हणून. आता फोन कमी येतात. त्याला ऐकू कमी येतं आणि मला त्याचं बोलणं आता कमी कळतं. पण फोन ठेवायच्या आधी मी एक विचारतेच, "खांदा?" आणि तो खरं सांगतो. थंडीत दुखतो म्हणतो.

तर नेहा, खुंटीची गोष्ट ही एवढी. तुझ्या डॉक्टरकीत दर सहा महिन्यांनी हॉस्पिटल बदलतं, वॉर्ड बदलतो, खोली बदलते, ते मला कळतं. फोनवर तू म्हणतेस, "ऑल गुड, आजी." मी म्हणते बरं, आणि ठेवते. पण मागच्या वेळी तू कोट काढला नाहीस आणि मी तुला घाईची म्हणून बोलले, त्यानंतर मला झोप नीट नाही. त्याच्या बाबतीत मला चार दिवस लागले होते. तुझ्या बाबतीत चार महिने झाले.

या रविवारी जमत नसेल तर पुढच्या. सुट्टी अर्धीच असेल तर अर्धी. पोहे नको असतील तर थालीपीठ लावीन. ये लवकर. खुंटीपर्यंत हात पोचत नसेल तर स्टूल आहे, आणि पोचवायचं त्राण नसेल तर मी काढीन गं कोट, एक बाही, मग दुसरी.